नववा प्रश्न कोणत्या भाषेत?

नैराश्याच्या प्राथमिक तपासणीसाठी जगभर वापरली जाणारी ‘पीएचक्यू-९’ ही प्रश्नावली अवघ्या नऊ प्रश्नांची आहे. मागील दोन आठवड्यांत झोप, भूक, कामातील रस यांविषयीचा त्रास किती दिवस झाला, ते विचारून प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण देतात. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. तेथे माणसे खरे सांगत नाहीत, असा आक्षेप घेतला जातो. आमचे म्हणणे असे की, उत्तराच्या खरेपणाआधी प्रश्न कोणत्या भाषेत आणि कोणाच्या तोंडून विचारला गेला, हे तपासले पाहिजे.

सीमाभागात हा प्रश्न कानडीत किंवा इंग्रजीत आला, तर केवळ मराठी जाणणाऱ्या वृद्धेला तो समजावून सांगतो तिचा मुलगा किंवा सून. ज्या घरात दुःख, त्याच घरातला दुभाषी. जगणे नकोसे झाले आहे का, हे मुलाने आईला कसे विचारावे? आणि आईने त्याच्याच देखत ‘होय’ कसे म्हणावे? ‘तसं काही नाही, बरी आहे मी,’ एवढेच ती म्हणते आणि कागदावर शून्य उमटते. या लपवण्यात कपट नाही, माया आणि संकोच आहे. पण डॉक्टरांना दिसते ते फक्त शून्य.

शिवाय ‘नैराश्य’ हा शब्द आपल्या बोलण्यात नाही. आपण ‘करमत नाही’, ‘जीव रमत नाही’, ‘अन्न गोड लागत नाही’ असे म्हणतो. हे ज्याला कळत नाही, त्याला खरे उत्तरही ऐकू येत नाही.

कायद्याची भीती बरीचशी अनाठायी आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधील कलम २३ रुग्णाची माहिती गोपनीय ठेवते. जीवितास धोका, न्यायालयाचा आदेश असे मोजकेच अपवाद आहेत. मनात विचार येणे हा गुन्हा नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला सरसकट शिक्षा सांगणारे जुने कलम ३०९ राहिलेले नाही. विम्याच्या अर्जातील प्रश्न मात्र वेगळा. तेथे माहिती दडवल्यास दावा अडचणीत येऊ शकतो.

याच कायद्याचे कलम २२ रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती मिळण्याचा हक्क देते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० नुसार राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडता येते. आपण परिपत्रके मराठीत मागतो. तितक्याच आग्रहाने ही प्रश्नावलीही मराठीत मागितली पाहिजे. नातेवाइकाला दुभाषी करू नये आणि उत्तरे कोण वाचणार, हे आधी सांगावे.

तोवर एक गोष्ट आपल्या हाती आहे. नववा प्रश्न आला की नातेवाइकांनी खोलीबाहेर जावे. ज्याला घरात बोलता येत नाही, त्याच्यासाठी टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. तेथे मराठीतही बोलता येते.