बटण बदलण्यापूर्वीं

आमच्या शाळेंतील वरच्या वर्गांच्या विद्यार्थ्यांस अलीकडे मोबाईलवर चालणारीं ॲप्स स्वतः तयार करण्याचा नाद लागला आहे. नाद चांगला आहे. दुसऱ्यानें केलेलें नुसतें पाहत बसण्यापेक्षां स्वतः कांहीं घडविणें केव्हांहि श्रेयस्कर. परंतु या कामांत रमलेल्या मुलांच्या तोंडून जे प्रश्न आम्ही वारंवार ऐकतों, त्यांत एक साम्य आम्हांस आढळून आलें आहे. बटणाचे कोपरे गोल कसे करावे? वरची पट्टी कशी घालवावी? अक्षरांचें वळण कसें बदलावें? पार्श्वभूमि काळी कशी करावी? चौकटीभोंवतीं उमटणारी ती निळी रेषा कशी काढून टाकावी? हे प्रश्न केवळ आमच्याच मुलांचे आहेत असें नव्हे. या धंद्यांत मुरलेले लोकहि एकमेकांस हेंच विचारीत असतात. साऱ्यांचा रोख 'कसें' याकडे. 'कोणासाठीं' हा शब्द त्यांत क्वचितच येतो. आमचें म्हणणें एवढेंच कीं, हा दुसरा प्रश्न आधीं विचारावा.

गेल्या विज्ञान-प्रदर्शनांत आमच्या एका गटानें ग्रंथालयासाठीं केलेलें ॲप मांडलें होतें. काळ्या पार्श्वभूमीवर करडीं, नाजूक अक्षरें आणि कोपऱ्यांत मसुराच्या दाण्याएवढें बटण. पाहणारांनीं वाहवा केली. आमच्या नाकावर आतां चाळिशी आली आहे. ती नीट बसवून पाहिलें, तरी पुस्तकाचें नांव आम्हांस वाचतां येईना. आमच्यामागें एका विद्यार्थ्याचे आजोबा उभे होते. त्यांनीं तें बटण तीन वेळां दाबलें आणि तिन्ही वेळां भलतेंच पान उघडलें. "मला कांहीं हें जमायचें नाहीं, बाळ," असें म्हणून त्यांनीं फोन नातवाच्या हातीं परत दिला. दोष बटणाचा होता. तो त्या गृहस्थांनीं आपल्या माथीं घेतला. ही गोष्ट आमच्या मनास फार लागली.

कोणी म्हणेल, एवढ्याशा बटणाचें एवढें काय? परंतु आज बँकेंतील पैसे, आगगाडीचें तिकीट, परीक्षेचा निकाल, दवाखान्याची वेळ हें सर्व त्या हातभर नव्हे, वीतभर पडद्यांतून मिळवावें लागतें. ज्याला तो पडदा वापरतां येत नाहीं, तो फोन दुसऱ्याच्या हातीं देतो आणि फोनाबरोबर आपला गुप्त अंकहि देतो. जन्मभर स्वतःचे व्यवहार स्वतः पाहिलेल्या माणसास म्हातारपणीं असें परावलंबी व्हावें लागावें, ही लहान गोष्ट नव्हे.

पडद्यावर बाण फिरवून संगणकाशीं काम करण्याची रीत डग्लस एंगलबार्ट यांनीं १९६८ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें सर्वांसमक्ष करून दाखविली. १९८४ सालीं निघालेल्या मॅकिंटॉश संगणकानें चित्रांच्या व बाणाच्या या पद्धतीचा सामान्य लोकांत मोठा प्रसार केला. तेव्हांपासून बटण, यादी, लिहिण्याची चौकट असे तयार भाग ॲप करणारास आयते मिळत आले आहेत. आमच्या मुलांस हे भाग साधे व कंटाळवाणे वाटतात, आणि तीं त्यांच्या जागीं आपल्या पसंतीचें एक रंगीत चित्र काढून ठेवितात. डोळ्यांस दोन्ही बटणेंच दिसतात. परंतु त्यांत मोठा भेद आहे.

तयार बटण हें नुसतें चित्र नसतें. मुलांस नकोशी वाटणारी ती निळी रेषाच पाहा. हात कांपत असल्यामुळें ज्याला माऊस धरतां येत नाहीं, तो कीबोर्डवरील टॅबची कळ दाबीत एका बटणावरून दुसऱ्यावर जातो. आपण कोठें आहों, हें त्याला ती रेषा सांगते. ती पुसली कीं तो अंधारांत चांचपडूं लागतो. अंध मनुष्यास पडदा वाचून दाखविणारे प्रोग्राम असतात. मायकेल करन या स्वतः अंध असलेल्या ऑस्ट्रेलियन तरुणानें २००६ सालीं एनव्हीडीए नांवाचा असा प्रोग्राम करावयास घेतला व तो सर्वांस मोफत दिला. आयफोनमध्यें ही सोय २००९ सालीं आली. अक्षरें लिहिलेलें तयार बटण अशा प्रोग्रामास आपलें नांव आपण होऊन सांगतें. आमच्या मुलांनीं काढलेलें चित्र मात्र मुकें असतें. त्याला नांव दिलें नाहीं, तर ऐकणाराच्या कानीं कांहींच पडत नाहीं, किंवा 'बटण, बटण, बटण' एवढेंच पडतें.

आमच्या मराठीची गोष्ट तर आणखी निराळी. आपल्या लिपींत अक्षराच्या डोक्यावर मात्रा, वेलांट्या व रफार बसतात, आणि पायाशीं उकार व ऋकार. चौकटीची उंची इंग्रजी अक्षरांच्या मापानें कायमची ठरवून टाकिली, तर वरचा भाग कापला जाऊन 'मोर' याचा 'मार' होतो, आणि खालचा कापला जाऊन 'कुल' याचा 'कल' होतो. युनिकोडनें १९९१ सालींच आपल्या लिपीस संगणकांत जागा दिली; आमच्याच मुलांनीं पडद्यावर ती नाकारावी, हें शोभत नाहीं. उपाय सोपा आहे. उंची अंकानें बांधून टाकूं नये. मजकुरासारखी ती वाढूं द्यावी. असें केलें म्हणजे, ज्यांनीं आपल्या फोनांत अक्षरें मोठीं करून घेतलेलीं असतात, त्यांचीहि सोय होते.

या बाबतींत अंदाजानें चालण्याचें कारण नाहीं. अँड्रॉइडच्या मार्गदर्शक नियमांत बोटानें दाबण्याची जागा सुमारें ९ मिलिमीटर लांब व तितकीच रुंद असावी, असें सांगितलें आहे. लहान अक्षरें व त्यांच्यामागील रंग यांच्या उजळपणाचें प्रमाण निदान ४.५ स १ असावें, असा वेबसंबंधीं आंतरराष्ट्रीय नियम आहे. केवळ तांबडा व हिरवा एवढ्यानेंच चूक-बरोबर दाखवूं नये, कारण कित्येकांस हे दोन रंग वेगळे ओळखतां येत नाहींत. जोडीला एखादा शब्द किंवा खूण असावी.

यावर आमचे विद्यार्थी म्हणतील, "मग काय सगळीं ॲप्स एकाच सांच्याचीं करावयाचीं?" तसें आमचें म्हणणें नाहीं. सौंदर्य हवेंच. वाड्याच्या दरवाजावर वाटेल तेवढी नक्षी कोरावी. कडी मात्र हाताला सांपडेल अशाच जागीं असावी. रंग, चित्रें, शब्दांची निवड, मांडणी यांत कल्पकतेला भरपूर वाव आहे. शिवाय बदल करण्याचा हक्क एकट्या करणाराचाच कां असावा? काळी पार्श्वभूमि एकाच्या डोळ्यांस सुखावते, तर दुसऱ्याच्या डोळ्यांस शिणविते. अशा वेळीं आपली आवड त्यांच्यावर न लादतां निवड वापरणाराच्या हातीं द्यावी. अक्षरांचा आकार, पार्श्वभूमि व भाषा या तीन गोष्टी ज्याच्या त्यास ठरवूं देणारें ॲप आम्ही खरें देखणें समजूं.

विद्यार्थ्यांस आमची विनंति अशी कीं, ॲप पुरें झालें म्हणतांना तें घरांतील वडील माणसाच्या हातीं द्यावें आणि आपण गप्प बसावें. 'येथें दाबा' असें सांगूं नये; फोन त्यांच्या हातून काढून घेऊं नये. तीं जेथें अडतील, तेथें आपली चूक आहे असें समजावें. मग अक्षरें दुप्पट मोठीं करून पाहावें, भाषा मराठी करून पाहावी, आणि शेवटीं पडदा वाचणारा प्रोग्राम सुरू करून डोळे मिटून पाहावें. पालकांसहि एक सांगणें आहे. आपणांस एखादें बटण सांपडलें नाहीं, तर 'मला जमत नाहीं' असें म्हणूं नका. काय दिसलें नाहीं, कोठें बोट चुकलें, हें मुलांस सांगा. तुमच्या या तक्रारींतूनच मुलें शिकतील.

त्या प्रदर्शनांतील गटानें मागाहून बटण मोठें केलें, अक्षरें ठळक व पांढरीं केलीं आणि पुस्तकांचीं नांवें मराठींत आणलीं. सारें काम एका दुपारचें होतें. म्हणजे अडचण ज्ञानाची नव्हती. आपल्याहून निराळा मनुष्य हें वापरणार आहे, याचें स्मरण राहिलें नव्हतें, इतकेंच. मग आजोबांस पुन्हां बोलावून फोन त्यांच्या हातीं दिला. त्यांनीं आपल्या आवडीचें पुस्तक स्वतः शोधून काढिलें आणि नातवाकडे न पाहतांच पुढचें पान उघडलें.