जुन्या लॅपटॉपला हलकं नको, भरलेलं लिनक्स द्या



आपल्या ग्रुपवर कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, पुलाखालची नदी, वाड्यातले गणपती आणि शेजारपाजारची माणसं यांवर इतकं छान लिहिलं जातं की मध्येच कंप्युटरचा विषय काढला तर कोणी म्हणेल, ही कुठून आली! पण या आठवणी लिहिणारे बरेच जण सत्तरीपुढचे आहेत आणि त्यातले कितीतरी अजून आठ-दहा वर्षं जुन्या लॅपटॉपवर लिहितात. तो लॅपटॉप भंगारात गेला तर पुष्कळदा लिहिणंही थांबतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

झालंय असं, की २०१५ साली आलेल्या विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. लॅपटॉप त्याने बंद पडत नाही, पण सुरक्षेचे अपडेट आपोआप येणं थांबतं. नाव नोंदवलं तर घरगुती वापरासाठी एक वर्षाची वाढीव मुदत मिळते, एवढंच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. त्याआधीची मशीन कितीही धडधाकट असो, तिला प्रवेश नाही.

मग दुकानदार म्हणतो, नवीन घ्या. घरातला इंजिनियर मुलगा म्हणतो, लिनक्स टाका. आणि लिनक्सवाल्यांचं एक ठरलेलं वाक्य असतं: "मशीन जुनी आहे नं, मग एकदम हलकं टाका." मला हे वाक्य पटत नाही. मशीन अगदीच मरतुकडी नसेल तर ज्येष्ठांसाठी सगळ्या सोयींनी भरलेलं लिनक्सच टाकावं, असं माझं मत आहे. का, ते सांगते.

ज्यांना लिनक्स नवीन आहे त्यांच्यासाठी राजवाड्याचं उदाहरण घेऊ. राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. लिनक्समध्येही खालचा दगडी भाग, म्हणजे डिस्क, वायफाय, स्क्रीन या सगळ्यांना कामाला लावणारा गाभा, सगळीकडे जवळपास तोच. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने तो सुरू केला. वरचे लाकडी मजले, म्हणजे मेनू, खिडक्या, सेटिंग्ज, हे मात्र वेगवेगळे मिळतात. त्यांना डेस्कटॉप म्हणतात. कुबुंटू आणि लुबुंटू ही एकाच उबुंटूची भावंडं. कुबुंटूवर केडीई प्लाझ्मा नावाचा भरगच्च डेस्कटॉप, लुबुंटूवर एलएक्सक्यूटी नावाचा आटोपशीर. दोन्ही फुकट.

कृष्णपुऱ्यातल्या माझ्या काकांच्या लॅपटॉपवर मी दोन्ही लावून पाहिले. काका निवृत्त शिक्षक. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही एका डोळ्याने कमीच दिसतं. मराठी टायपिंग इनस्क्रिप्टवर, तेही झरझर. लॅपटॉप अगदी साधा: आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि फिरणारी हार्ड डिस्क.

आता हिशेब बघा. काहीही न उघडता कुबुंटूने एक जीबीच्या आसपास रॅम घेतली, लुबुंटूने त्याहून चारेकशे एमबी कमी. म्हणजे हलकं ते हलकंच, यात वाद नाही. मग ब्राउझर उघडला. एका टॅबमध्ये मेल, एकात बातम्या, एकात यूट्यूबवर कुमारजींचं गाणं. दोन्हीकडे ब्राउझरने एकट्यानेच दीड-दोन जीबी खाल्ली. खरं वजन आजकालच्या वेबसाइट्सचं आहे. हलका डेस्कटॉप घेऊन वाचवलं किती, तर एखाद-दोन टॅबपुरतं.

आणि रांगत तर मशीन दोन्हीकडे होती! कारण ती जुनी हार्ड डिस्क. मिनिटाला ५४०० फेरे मारणारी अशी डिस्क वेगवेगळ्या जागची माहिती सेकंदाला जेमतेम शंभरेक वेळा उचलू शकते, एसएसडी तेच काम हजारो वेळा करते. एसएसडी बसवली, रॅम ४ ची ८ जीबी केली, आणि तोच लॅपटॉप कुबुंटूवर बढिया चालायला लागला. नव्या लॅपटॉपच्या किमतीपुढे हा खर्च फारच थोडा. खर्च करायचाच तर इथे करा, सोयी कापून बचत करू नका.

सोयी म्हणजे नेमकं काय, हेही सांगते. कुबुंटूत विंडोजची खूण असलेलं बटण धरून अधिकचं चिन्ह दाबलं की सगळी स्क्रीन भिंगाखाली धरल्यासारखी मोठी होते. काकांनी हे एकदा पाहिलं आणि मला म्हणाले, "अगं, हे आधी कुठे होतं?" मेनूपासून बटणांपर्यंत सगळं एका सेटिंगमधून मोठं करता येतं. संध्याकाळनंतर स्क्रीन पिवळसर होते, डोळ्यांना त्रास कमी. केडीई कनेक्टमुळे फोनमधले फोटो वायफायवरून थेट लॅपटॉपवर येतात, केबल शोधायला नको. फोन घरातच कुठे हरवला तर लॅपटॉपवरून त्याची घंटी वाजवता येते, आणि आमच्याकडे याचा उपयोग रोज होतो. मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंग्जमध्ये जोडला की खाली पट्टीवर दिसत राहतो. ज्यांना इनस्क्रिप्ट येत नाही त्यांच्यासाठी उच्चारानुसार टाइप करायचा कागपा नावाचा मराठी कीबोर्डही तिथेच आहे.

हलक्या लिनक्सवर यातलं बरंचसं करता येतं. पण त्यासाठी इथून एक प्रोग्रॅम आणा, तिथे एक ओळ लिहा, असं करत बसावं लागतं. पंचविशीतल्या मुलाला त्यात मजा वाटते. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाने ते का करावं? सोयी काढल्या की रॅमवरचा भार कमी होतो आणि तोच भार माणसाच्या डोक्यावर येतो. आपण मशीनची दया करतो आणि तिच्यापुढे बसणाऱ्याची करत नाही, हे उलटं आहे.

भरलेलं लिनक्स लावल्यावर दोन गोष्टी मात्र करून घ्या. खिडक्या उघडतानाचे नखरे, म्हणजे ॲनिमेशन, बंद करा. आणि सगळ्या फाइली वाचून त्यांची सूची करत बसणारा बलू नावाचा प्रोग्रॅम बंद करा. नाव ऐकून जंगल बुकातलं, म्हणजे आपल्या सिवनीकडचं, अस्वल आठवतं. जुन्या डिस्कवर तो असतोही तसाच जड.

माझ्या मताला मर्यादा आहेत. २ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर कुबुंटूचा हट्ट करू नका, तिथे हलकंच बरं. घरात टॅलीवर धंद्याचे हिशेब होत असतील किंवा डिजिटल सहीचा यूएसबी टोकन रोज लागत असेल तर विंडोजच ठेवा, उगाच मनस्ताप नको. नोव्हेंबरातल्या जीवन प्रमाणपत्राची काळजी नको. चेहरा दाखवून ते अँड्रॉइड फोनवरून करता येतं. नेट बँकिंग ब्राउझरमधून चालतं. मेनू मराठीत करता येतात, पण अनुवाद सगळीकडे पूर्ण नाही, मध्येमध्ये इंग्रजी दिसेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. विंडोज पुसण्याआधी जुन्या मराठी फाइली तपासा. श्रीलिपी, शिवाजी, आकृती अशा फाँटमध्ये वीस वर्षांपूर्वी टाइप केलेलं लिखाण युनिकोड नसतं. तो फाँट नसलेल्या मशीनवर ते उघडलं की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. आपल्याकडे हिंदी कामाच्या कृतिदेवचंही तेच. आपल्या कितीतरी घरांत वंशावळ, आजीच्या हातच्या पदार्थांच्या कृती, भजनी मंडळाच्या याद्या अशा फाइलींत पडून आहेत. म्हणून विंडोज चालू आहे तोवर प्रत्येक फाइल उघडून तिची पीडीएफ करा आणि फाँटसुद्धा पेन ड्राइव्हवर जपून ठेवा. नंतर सवडीने युनिकोडमध्ये बदलता येईल. काकांच्या लॅपटॉपवर या कामाला लिनक्स टाकण्यापेक्षा चौपट वेळ लागला, आणि तो लागायलाच हवा होता.

घाई करू नका. ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिनक्स भरून, लॅपटॉपवर काहीही न पुसता चालवून बघता येतं. पेन ड्राइव्हवरून थोडं हळू चालेल, ते धरून चला. वायफाय, आवाज, प्रिंटर, मराठी कीबोर्ड, चारही नीट चालले तरच पुढे जा. दीर्घ मुदतीची आवृत्तीच घ्या. कुबुंटू २४.०४ ला एप्रिल २०२७ पर्यंत अपडेट आहेत, मग पुढच्या आवृत्तीवर जायचं. तेवढीही दगदग नको असेल तर लिनक्स मिंट २२ ची सिनॅमन आवृत्ती बघा. तीही सोयींनी भरलेलीच आहे आणि तिचे अपडेट २०२९ पर्यंत आहेत.

आणि हो, हाकेच्या अंतरावर कोणीतरी जाणकार असू द्या. मुलगा अमेरिकेत आणि बाबा कृष्णपुऱ्यात, अशा घरांत लिनक्स टाकून निघून जाणं बरं नाही. दुकानातला माणूस लिनक्स बघून हात वर करतो. पुतण्या, भाची, शेजारचा कॉलेजचा मुलगा, कोणीही चालेल, पण महिन्यातून एकदा येऊन बसणारं हवं. माझ्या अनुभवात अडचणी लहान असतात, फक्त सांगायला माणूस लागतो.

२०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिलं येणारं आपलं इंदूर. ओला-सुका कचरा वेगळा करायला आपण कधीच शिकलो. मग चालता लॅपटॉप निव्वळ विंडोज ११ घेत नाही म्हणून कचऱ्यात का टाकायचा?

कृष्णपुरा, नंदलालपुरा, राजवाड्याच्या आसपास कोणाला करून बघायचं असेल तर कॉमेंटमध्ये लिहा. रविवारी सकाळी पोह्यांनंतर मी पेन ड्राइव्ह घेऊन येईन. फक्त जुन्या फाइलींची पीडीएफ आधी करून ठेवा, त्याशिवाय मी हात लावणार नाही.