सिस्टर, सही करण्याआधी

गेल्या महिन्यात ओपीडी आटोपल्यावर आमच्या वॉर्डातल्या एक सिस्टर मोबाइल घेऊन समोर आल्या. "सर, पाच मिनिटं आहेत का? एवढं बघून सांगा, खरं वाटतं का ते." मोबाइलवर एक रील होतं. ‘जर्मनीत स्टाफ नर्स, महिना तीन लाख, भाषेची अट नाही, थोड्याच जागा शिल्लक.’ त्यांनी नंबर लावला होता, एजन्सीने व्हॉट्सॲपवर ऑफर लेटरही धाडलं होतं. ‘प्रोसेसिंग’चे साडेचार लाख रुपये. त्यातले पन्नास हजार आठवड्याच्या आत भरायचे, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार. सिस्टर कंत्राटी आहेत, पगार वीस हजारांच्या घरात. वडील आईचं सोनं गहाण ठेवायला निघाले होते.

सरकारी रुग्णालयात पंचवीस वर्षं काढल्यावर असे कागद मी पुष्कळ पाहिले आहेत. पूर्वी ‘चांगलं आहे, जाऊन या’ एवढं म्हणून मी मोकळा व्हायचो. खरं तर तो कागद वाचायचा कसा, हे मलाच ठाऊक नव्हतं. एका प्रसंगाने ते शिकायला लावलं. तो पुढे सांगतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. नर्सने परदेशी जाणं यात काहीही गैर नाही. डॉक्टर गेला की आपण त्याचे पेढे वाटतो आणि नर्स गेली की ‘इथल्या रुग्णांचं काय’ असं विचारतो, हा दुटप्पीपणा आहे. प्रश्न जाण्याचा नाही, कोणाच्या हातून जायचं याचा आहे.

अमेरिकेत ‘ट्रॅव्हल नर्स’ नावाचा प्रकार चांगला रुळलेला आहे. नर्स साधारण तेरा आठवड्यांच्या करारावर एका शहरातून दुसऱ्या शहरात कामाला जाते. एजन्सी रुग्णालयाला बिल लावते आणि त्यातून नर्सला पगार देते. त्यामुळे तिथली नर्स दोन-तीन एजन्सींशी बोलते, पगार, राहण्याची सोय, विमा यांची तुलना करते आणि मग निवडते. एजन्सीला नर्सची गरज असते. आपल्याकडे हे उलटं झालं आहे. नर्स एजन्सीच्या दारात हात जोडून उभी असते आणि वर पैसेही तीच मोजते.

म्हणून ऑनलाइन एजन्सी शोधणाऱ्या प्रत्येक नर्सला माझं सांगणं आहे: बाकी चौकशी नंतर करा, या एजन्सीला पैसे कोण देतं ते आधी विचारा. रुग्णालय देत असेल, तर तुम्ही तिथे टिकावं यात एजन्सीचा फायदा आहे. तुम्ही देत असाल, तर तुम्ही विमानात बसलात की तिचं काम संपलं. पुष्कळदा तर पहिला हप्ता भरलात तिथेच संपलं.

फुकट नोकरी कोण लावून देतं, असं कोणी विचारील. देतात. ब्रिटनमध्ये नोकरी मिळवून देण्यासाठी उमेदवाराकडून शुल्क घेणं १९७३ च्या एम्प्लॉयमेंट एजन्सीज ॲक्टनुसार बेकायदा आहे. जर्मनीच्या सरकारी यंत्रणेने केरळच्या ‘नोर्का रूट्स’ या सरकारी संस्थेबरोबर डिसेंबर २०२१ मध्ये ‘ट्रिपल विन’ योजनेचा करार केला. त्यात भरतीसाठी नर्सकडून पैसे घेतले जात नाहीत.

आपल्या देशात नोंदणीकृत एजंटाला शुल्क घेता येतं, पण त्याला मर्यादा आहे. कमाल ३० हजार रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये. तेही पावती देऊन. साडेचार लाखांचा आकडा या मर्यादेच्या बारापटीहून जास्त आहे. याहून भयंकर आकडेही ऐकू आले आहेत. कुवेतच्या सरकारी रुग्णालयांसाठी नर्स भरताना १९,५०० रुपयांच्या जागी सुमारे साडेएकोणीस लाख रुपये घेतले, असा आरोप असलेलं कोचीचं प्रकरण २०१५ मध्ये सीबीआयकडे गेलं होतं.

दुसरी तपासणी नोंदणीची. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याकडे परराष्ट्र मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या उत्प्रवासी महासंरक्षकांचं नोंदणी प्रमाणपत्र असावं लागतं. ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे. बेकायदा एजंटांची यादीही तिथेच आहे. नुसतं नाव जुळलं म्हणून थांबू नका. नोंदणी क्रमांक, पत्ता आणि मुदत तिन्ही बघा. ‘आम्ही अमुक मोठ्या कंपनीचे सबएजंट’ असं कोणी सांगितलं, तर त्या मोठ्या कंपनीच्या कार्यालयात स्वतः फोन करून विचारा. फोन नंबर मात्र सरकारी यादीतला घ्या, एजंटाने दिलेला नको.

आखाती देशांसाठी नियम आणखी कडक आहेत. सौदी अरेबिया, कुवेत, कतार, ओमान, संयुक्त अरब अमिरातीसह १८ देशांत नोकरीला जाणाऱ्या नर्सना ३० एप्रिल २०१५ पासून उत्प्रवास परवानगी सक्तीची झाली. ही भरती आधी केरळ आणि तामिळनाडूच्या सरकारी संस्थांकडे सोपवली गेली, पुढे इतर काही राज्यांच्या संस्था त्यात आल्या. तेव्हा ‘आता व्हिजिट व्हिसावर चला, तिकडे गेल्यावर बदलून घेऊ’ असं म्हणणारा माणूस तुम्हाला या सगळ्या संरक्षणातून बाहेर काढतो आहे, हे ओळखा.

तिसरी तपासणी मालकाची. ब्रिटनमध्ये परदेशी कामगार आणण्याचा परवाना असलेल्या संस्थांची यादी तिथल्या सरकारने सर्वांसाठी खुली ठेवली आहे. जर्मनीत परिचारिकांच्या न्याय्य भरतीसाठी गुणवत्तेचा शिक्का दिला जातो, तो कोणाकडे आहे हेही ऑनलाइन पाहता येतं. रुग्णालयाच्या संकेतस्थळावरून त्यांच्या मनुष्यबळ विभागाला एक साधा ईमेल टाका: ‘ही एजन्सी तुमच्यासाठी भरती करते का?’ इंग्रजी मोडकं असलं तरी चालेल.

चौथी, कराराची. पद कोणतं लिहिलं आहे? ‘नर्स’ की ‘केअर असिस्टंट’? ब्रिटनमध्ये आपल्या कितीतरी शिकलेल्या नर्स वृद्धांच्या देखभालीच्या कामावर गेल्या, त्यासाठी कर्ज काढून गेल्या. २२ जुलै २०२५ पासून ब्रिटनने त्या कामासाठी परदेशातून नवी भरतीच बंद केली आहे. आजही कोणी ‘यूके केअर व्हिसा’ विकत असेल, तर तो काय विकतो आहे याचा विचार करा. तसंच, नोकरी मध्येच सोडली तर दंड किती, हेही वाचा. न्यूयॉर्कमध्ये फिलिपिनो नर्सवर २५ हजार डॉलरच्या दंडाची अट लादली होती. २०१९ मध्ये तिथल्या संघीय न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. न्याय मिळाला, पण त्यासाठी परक्या देशात खटला लढावा लागला. सही करण्याआधी वाचणं त्यापेक्षा स्वस्त पडतं.

आता तो प्रसंग. काही वर्षांपूर्वी रुग्णालयाच्या प्रशासनाचं काम माझ्याकडे होतं. एके दिवशी कागदपत्रांची पडताळणी करणाऱ्या एका परदेशी संस्थेचा ईमेल आला. आमच्याकडे काम करून गेलेल्या एका नर्सचं अनुभव प्रमाणपत्र जोडलं होतं, तीन वर्षांचं. शिक्का आमच्यासारखा, सही आमची नव्हती. तिने आमच्याकडे चौदा महिने काम केलं होतं. मी खरं ते लिहिलं. दुसरं काय लिहिणार? तिचा अर्ज फेटाळला गेला आणि खोटी कागदपत्रं दिल्याची नोंद तिच्या नावावर लागली.

काही दिवसांनी ती भेटायला आली. रडली नाही. म्हणाली, "सर, मला अनुभव वाढवायचाच नव्हता. एजंट म्हणाला, सगळेच करतात, तुम्ही फक्त फॉर्मवर सही करा. नंतर काय जोडलं ते मला दाखवलंच नाही." तिची मूळ प्रमाणपत्रंही त्याच्याकडेच होती आणि ती परत द्यायचे तो आणखी पैसे मागत होता. एजंटाचं काही बिघडलं नाही. आठवड्याभरात त्याने नव्या नावाने जाहिरात सुरू केली असेल.

पण त्या दिवशी ती आणखी एक वाक्य बोलली, ते मला जास्त लागलं. "तुमच्या ऑफिसात प्रमाणपत्रासाठी चार महिने खेटे घातले, सर. एजंटाने चार दिवसांत आणून दिलं."

यात आपलं माप आपल्याच पदरात पडतं. एजंटाचा अर्धा धंदा आपल्या खिडकीबाहेर उभा आहे. अनुभव प्रमाणपत्र, ना हरकत, परिषदेकडची पडताळणी, यातला प्रत्येक कागद वेळेवर मिळाला तर एजंटाकडे विकायला फारसं काही उरत नाही. परीक्षा नर्सनेच द्यायची असते, इंग्रजी किंवा जर्मन तिनेच शिकायचं असतं. एजंट विकतो ती आपण निर्माण केलेल्या अडचणींतून सुटका.

म्हणून मागणी फक्त नर्सकडे करून चालणार नाही. प्रत्येक सरकारी रुग्णालयाने अनुभव प्रमाणपत्र ठरलेल्या मुदतीत द्यावं आणि पडताळणीच्या ईमेलला उत्तर देणारा एक माणूस नेमावा. नर्सिंग महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षाच्या मुलींना ई-मायग्रेट उघडून दाखवण्यासाठी एक तास काढावा. केरळने ‘ओडेपेक’ ही सरकारी भरती संस्था १९७७ मध्ये उभी केली. महाराष्ट्राने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, ते योग्यच झालं. पण गडचिरोली किंवा नंदुरबारच्या मुलीच्या मोबाइलवर त्या कराराच्या आधी एजंटाचं रील पोहोचत असेल, तर तो करार तिच्यासाठी नसल्यासारखाच.

नर्सनीही तीन गोष्टी कधीही हातातून सोडू नयेत: मूळ प्रमाणपत्रं, कोऱ्या कागदावरची सही आणि पासपोर्ट. पासपोर्ट ही कायद्याने भारत सरकारची मालमत्ता आहे. तो अडवून ठेवायचा अधिकार कुठल्याही एजंटाला नाही. अर्जासोबत जाणारा प्रत्येक कागद स्वतः वाचा आणि त्याची प्रत स्वतःकडे ठेवा. पडताळणीत सापडलं तर नाव तुमचं जातं.

आमच्या त्या सिस्टरना मी माझ्या टेबलावरच ई-मायग्रेट उघडून दिलं. एजन्सीचं नाव यादीत नव्हतं. त्यांनी तिथूनच एजंटाला फोन लावून स्पीकरवर टाकला. तो म्हणाला, "मॅडम, ती नोंदणी मजुरांसाठी असते, नर्सला लागत नाही." सिस्टरनी विचारलं, "मग भाषेशिवाय मला रुग्णालयात काम कसं देतील? पेशंट काय म्हणतोय ते मला कळायला नको?" फोन कट झाला. जर्मनीत नर्स म्हणून मान्यता मिळायला साधारणपणे बी-२ पातळीपर्यंत भाषा यावी लागते, हे त्या माणसालाही ठाऊक असणारच.

आईचं सोनं घरीच आहे. सिस्टरनी जर्मनचा वर्ग लावला आहे. रात्रपाळीत पेशंट झोपले की वही काढून बसतात. दीड-दोन वर्षं लागतील म्हणतात. त्या जातील तेव्हा वॉर्डाला जड जाईल. त्यांचं अनुभव प्रमाणपत्र मात्र मागितल्यापासून आठवड्याच्या आत हातात पडेल, एवढं मी कबूल केलं आहे.