‘डाउनवर्ड स्पायरल’ दुसऱ्या नंबरवर!

सबमिशनच्या आठवड्यात माणसं कशावरूनही भांडतात. आमच्या विंगमध्ये यंदा भांडण झालं ते ‘नाइन इंच नेल्स’चा सगळ्यात भारी अल्बम कोणता यावरून. रात्री दोन वाजता, मशीन डिझाइनची शीट अर्धवट टाकून! क्रमवारी एका ग्राफ पेपरच्या मागे लिहिली गेली आणि माझं मत सगळ्यांच्या विरुद्ध पडलं. तेव्हा मला बोलू दिलं नाही. आता संपादकांनी एक पान दिलंय, तर ऐकून घ्या.

ज्यांनी हे नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हा बँड म्हणजे बरीच वर्षं एकच माणूस होता, ट्रेंट रेझ्नर. (२०१६ पासून अ‍ॅटिकस रॉस हा त्याचा अधिकृत जोडीदार.) पेनसिल्व्हेनियातल्या मर्सर नावाच्या छोट्या गावातला हा गडी अ‍ॅलेघेनी कॉलेजात एक वर्ष कॉम्प्युटर इंजिनिअरिंग शिकला, आणि सोडून क्लीव्हलंडला गेला. तिथे एका स्टुडिओत झाडूपोछ्यापासून पडेल ते काम करायचा आणि रात्री स्टुडिओ रिकामा असला की स्वतःची गाणी रेकॉर्ड करायचा. त्यातून १९८९ साली ‘प्रिटी हेट मशीन’ आला. (हे उदाहरण घरी देऊ नका. मी देऊन पाहिलंय.)

इंडस्ट्रियल रॉक म्हणजे काय, हे फर्स्ट इयरचं वर्कशॉप केलेल्याला समजावायची गरज नाही. वीस जण एकदम हॅकसॉ चालवतायत, शेजारी शेपर एका ठेक्यात मागेपुढे होतोय, आणि त्या ठेक्यावर कोणीतरी जीव तोडून ओरडतंय... बस्स, तेच!

आता क्रमवारी. ‘विथ टीथ’ (२००५), ‘द स्लिप’ (२००८) आणि ‘हेझिटेशन मार्क्स’ (२०१३) हे चांगले आहेत, पण पहिल्या पाचात नाहीत. वाद संपला. पाचव्यावर ‘घोस्ट्स’ (२००८). नुसत्या वाद्यांचे ३६ तुकडे, त्यातले पहिले नऊ त्याने फुकट वाटले होते. पीएलला रात्री अभ्यास करताना यासारखं काही नाही. लिल नाझ एक्सचं ‘ओल्ड टाउन रोड’ ज्यावर तुम्ही गॅदरिंगला नाचलात, त्यातली ती तार याच अल्बममधून उचललेली आहे. चौथा ‘प्रिटी हेट मशीन’. तिसरा ‘इयर झीरो’ (२००७). यात रेझ्नरने भविष्यातली हुकूमशाही अमेरिका रंगवली होती, साल २०२२. ते येऊन गेलंसुद्धा. या अल्बममधलं एक गाणं पेनड्राइव्हवर टाकून लिस्बनच्या कार्यक्रमात बाथरूममध्ये ठेवून दिलं होतं, आणि सीडी प्लेयरमध्ये तापली की काळ्याची पांढरी व्हायची. असल्या डोकेबाजपणाला आपण नाही तर कोण दाद देणार?

असो. खरं भांडण पुढे आहे.

१९९४ चा ‘द डाउनवर्ड स्पायरल’ सगळे जण डोळे झाकून पहिला ठेवतात. मीही दोन वर्षं ठेवला. एक माणूस पायरी पायरीने स्वतःला संपवत जातो, ही त्याची गोष्ट. ‘क्लोजर’च्या शेवटी पियानोवर खाली उतरत जाणारा एक तुकडा येतो, तोच पुढे अल्बमच्या शीर्षकगीतात परत येतो, तेव्हा अंगावर काटा येतो. आणि सगळ्यात शेवटी ‘हर्ट’. जॉनी कॅशने ते २००२ मध्ये म्हटलं आणि रेझ्नरलाही वाटलं की गाणं आता आपलं राहिलं नाही. शॅरन टेटचा १९६९ मध्ये जिथे खून झाला त्या बंगल्यात रेकॉर्डिंग झालं, हे लोक फार कौतुकाने सांगतात. मला त्यात काही कौतुक वाटत नाही.

मग मत का बदललं? सेकंड इयरला माझ्या रूम पार्टनरला वायडी लागली. (त्याला विचारूनच लिहितोय.) अल्बम मीच त्याला दिला होता, ‘ऐक, वेड लागेल’ म्हणून. तो मेसला यायचा बंद झाला. रात्रभर हेडफोन, आणि शेवटची दोनच गाणी, परत परत. मी पंधरा दिवस बघत राहिलो. वाटलं, टेस्ट सुधारतेय याची! शेवटी एका रात्री त्याच्याकडे नीट पाहिलं आणि रेक्टर सरांचं दार वाजवलं. सरांनी लेक्चर दिलं नाही. शर्ट घातला आणि पहाटेच्या एसटीने स्वतः त्याला घरी सोडून आले.

त्या रिकाम्या रूममध्ये मी ‘द फ्रॅजाइल’ पहिल्यांदा नीट ऐकला. १९९९ चा, दोन सीड्या, २३ गाणी. आला तेव्हा अमेरिकेत एक नंबरला गेला आणि पुढच्याच आठवड्यात पहिल्या दहातून बाहेर फेकला गेला. मधल्या पाच वर्षांत रेझ्नरने लिहिलेली गोष्ट त्याच्याच अंगावर आली होती. दारू, ड्रग्ज, त्यात त्याला वाढवणारी आजी गेली. (पूर्ण सुटला तो २००१ मध्ये, म्हणजे या अल्बमनंतर.) पण इथे पहिल्यांदा त्या आवाजात दुसरा माणूस येतो. शीर्षकगीतात कोणीतरी कोणालातरी सावरायला बघतंय. त्याच्या आधीच्या ‘द फ्रेल’ या छोट्या तुकड्यात पियानोवर एकटी वाजलेली सुरावट या गाण्यात गिटारवर भरून येते. ‘ला मेर’मध्ये पियानोच्या साध्या तुकड्यावर एक एक वाद्य चढत जातं, आणि तोच तुकडा पुढे ‘इनटू द व्हॉइड’मध्ये सापडतो. अल्बम लांबलाय, मान्य. दुसऱ्या सीडीतली तीन-चार गाणी मीही पुढे ढकलतो. तरीही माझा पहिला नंबर हाच.

गंमत म्हणजे, त्या रात्री भांडणात माझ्याविरुद्ध सगळ्यात जोरात ओरडत होता तो माझा हाच पार्टनर! आता एक वर्ष मागे आहे, पण पोट भरून जेवतो. म्हणाला, ‘‘तुला काय कळतंय रे? त्या पंधरा दिवसांत माझ्याशी बोलणारा तेवढा एकच अल्बम होता. तू तर झोपायचास.’’

याला माझ्याकडे उत्तर नाही. क्रमवारी मात्र मी बदललेली नाही, आणि त्यानेही. ग्राफ पेपर अजून त्याच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. ज्याला खाडाखोड करायची असेल त्याने पेन घेऊन यावं, चहा आमच्याकडून.