कटल्याची बाजू

कटला किंवा रोहू घरात आणला आहे म्हटलं की आमच्या किनारपट्टीच्या मित्रांचे चेहरे उतरतात. मग ठरलेली यादी सुरू होते. काटे फार, चिखलाचा वास येतो, अंगाला चव नाही, पापलेट-सुरमईची सर कुठली याला! गेली कित्येक वर्षं मी हे ऐकतो आहे. ज्या माशाने सह्याद्रीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या इतक्या घरांना जेवू घातलं, त्याच्याबद्दल एवढी किरकिर मला मनापासून खुपते.

मी भंडाऱ्याकडचा. तिथून दोन्ही समुद्र लांब. आमचा मासा तलावाचा. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने धानाच्या शेतीसाठी भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोली पट्ट्यात हजारो तलाव बांधले. पुढे ते मालगुजारांकडे, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांकडे, गेले, मालगुजारी संपल्यावर सरकारदरबारी त्यांचं नाव झालं माजी मालगुजारी तलाव. लोक म्हणतात मामा तलाव. पाणी धानाला, मासा ढिवरांना म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजाला, आणि बाजाराच्या दिवशी आम्हा सगळ्यांना.

या तलावांत आज जो कटला, रोहू आणि मृगल वाढतो, तो प्रामुख्याने उत्तरेच्या मोठ्या नद्यांचा मासा. तिघांचं एकमेकांशी छान जमतं. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो पृष्ठभागाजवळचे सूक्ष्म जीव खातो. रोहू मधल्या थरात चरतो. मृगल तळाशी कुजलेला पाला आणि गाळ धुंडाळतो. एकाच तलावात तिघे राहतात आणि कुणाच्या ताटातला घास कुणी ओढत नाही. अडचण एकच होती. हे मासे साठलेल्या पाण्यात वाढतात, पण अंडी घालत नाहीत. मादीच्या पोटात अंडी भरतात, मात्र पुराचं वाहतं पाणी मिळालं नाही तर ती तिथेच जिरून जातात. त्यामुळे दर पावसाळ्यात बंगाल-बिहारच्या नद्यांत बारीक जाळी लावून बीज गोळा करायचं आणि मडक्यांत भरून दूरवर न्यायचं, हाच मुख्य मार्ग होता. त्या बीजात कटला किती आणि त्यालाच खाऊन टाकणारी जात किती, हे मासे वाढल्यावरच कळायचं.

हे कोडं सोडवलं मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी. जन्म 1921 चा, सिल्हेटचा. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगुल इथे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तलावात वाढवलेल्या माशांकडून अंडी घालून घेतली. एका माशाच्या मेंदूखालची पीयूष ग्रंथी काढायची, ती वाटून तिचा अर्क मादीला आणि नराला टोचायचा, आणि दोघांना पाण्यात लावलेल्या कापडी हौदात एकत्र सोडायचं. पूर आल्यावर शरीर आतून जो निरोप देतं, तोच निरोप सुईने पोहोचवायचा. ब्राझीलमध्ये अशी युक्ती 1930 च्या दशकातच वेगळ्या माशांवर चालली होती. आपल्या माशांवर ती नेमाने चालवून दाखवणं हे चौधरींचं काम. आज गोल सिमेंटच्या टाक्यांत पाणी फिरतं ठेवून हंगामात मत्स्यजिरे म्हणजे नुकती जन्मलेली पिल्लं तयार होतात, वाढून त्यांची बोटाएवढी बोटुकली होते आणि गावोगावच्या संस्था ती तलावात सोडतात. देशात गोड्या पाण्यातली मासळी समुद्राच्या मासळीपेक्षा कितीतरी जास्त निघते, त्याच्या मुळाशी ही सुई आहे. 10 जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो, तो याचसाठी. चौधरी 2014 साली गेले. आपल्या शाळांच्या पुस्तकांत हरितक्रांतीला मिळते तेवढी जागा या माणसाच्या कामालाही मिळायला हवी, असं मला फार वाटतं.

आता सुरुवातीच्या त्या तक्रारींच्या यादीकडे येतो. वास माशाचा नसतो, पाण्याचा असतो. तलावातले काही सूक्ष्म जीव जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात आणि ते माशाच्या अंगात उतरतं. पहिल्या पावसाने मातीला जो गंध सुटतो, त्यातही हेच द्रव्य असतं. मासा काही दिवस स्वच्छ वाहत्या पाण्यात ठेवला की वास जातो. आंबटाने तो कमी होतो, म्हणून आमच्याकडे तुकड्यांना आधी लिंबू किंवा चिंच चोळून ठेवतात. काट्यांचं म्हणाल, तर पाठीच्या आणि शेपटीकडच्या मांसात इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचे बारीक काटे असतात हे खरं. पण पोटाकडच्या भागात मोठे, सहज दिसणारे काटे असतात. मुलांना आणि नवख्यांना तोच तुकडा द्यावा. पाठीच्या तुकड्याला सुरीने एकमेकींना लागून आडव्या चिरा देऊन तो कडकडीत तळला, तर बारीक काटेही खुसखुशीत होऊन जातात. चवीबद्दल मी वाद घालणार नाही. फक्त आंध्रातून बर्फात प्रवास करून आलेला रोहू खाऊन सबंध जातीचा निवाडा करू नये. सकाळी तलावातून निघालेला दुपारी रश्शात पडलेला एकदा खाऊन बघावा.

कटल्याविषयी खरी, गंभीर तक्रार वेगळीच आहे, आणि ती जेवणाऱ्यांची नाही, ढिवरांची आहे. वजन लवकर भरणाऱ्या मोजक्या जातींवर सगळा भर दिल्यामुळे तलावातल्या मूळच्या लहानमोठ्या माशांकडे दुर्लक्ष झालं. काठावर बेशरम नावाचं झुडूप माजलं, पाणवनस्पती गेल्या, त्यांच्या आधाराने अंडी घालणारे मासे गेले. भीमेवरच्या उजनी धरणाच्या पाण्यात तर बाहेरून आलेल्या चिलापीने कटला-रोहूलाही मागे सारलं आहे. ही तक्रार मी मान्य करतो, कारण तिच्यामागे पिढ्यांचं पाहणं आहे. आणि ती करणारे नुसते बोलत बसलेले नाहीत. भंडारा-गोंदियाकडच्या काही गावांत ढिवरांनी तलावातली बेशरम उपटून काढली, तळ नांगरला, देशी पाणवनस्पती लावल्या आणि मूळचे मासे परत वाढवले. त्या कामात बायका पुढे आहेत. त्यांनी ते कसं केलं, हे पुढच्या आठवड्यात सविस्तर लिहितो.