हमी नको, अंतर हवे

संपादक महाशयांस,

मालवणच्या समुद्रात देवमासा न दिसल्याने लातूरहून इतक्या दूर जाऊन केलेली सफर व्यर्थ गेली, सबब नावाड्यांनी दर्शनाची हमी द्यावी, असे जे प्रतिपादन गेल्या अंकातील पत्रलेखकांनी केले आहे, ते मला मुळीच मान्य नाही. २०१५ साली कुणकेश्वरजवळच्या समुद्रात निळा देवमासा पिल्लासह दिसल्याची नोंद आहे खरी. परंतु श्वासापुरता वर येऊन पुनश्च खोल जाणाऱ्या या सस्तन प्राण्यावर कोणाचाच अंमल चालत नाही, आणि हमीपायी त्याच्यामागे यंत्रनौका पिटाळणे म्हणजे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ज्याला अभय दिले, त्याचाच छळ मांडणे होय.

शिवाय वाऱ्यावर क्षणभर स्थिर राहून, चोच खाली रोखून पाण्यात सूर मारणारे सुरय पक्षी त्याच सफरीत पाहावयास मिळतात, त्यांचे मोल काहीच नाही काय? त्यांचाच आप्त नदीसुरय नांदेडजवळ विष्णुपुरीच्या जलाशयावर मासे टिपताना दिसतो. आम्हा मराठवाड्यातील लोकांनी निरीक्षणाचा अभ्यास तेथेच करावा, आणि मग समुद्रावर जाऊन नावाड्याकडे हमीऐवजी सुरक्षित अंतराचा आग्रह धरावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, नांदेड