यंत्र दिले, शिक्षकाचे काय?

वर्गात पडदा लागला की शिक्षण पुढे गेले, असा एक सोयीस्कर समज आपल्याकडे रूढ झाला आहे. देणगीदार यंत्र देतो, फीत कापली जाते, अहवालात छायाचित्र छापले जाते. महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळांच्या हितचिंतकांनी, आपल्यासारख्या साहित्यसंस्थांनीही, हाच मार्ग पत्करला आहे. परंतु पहिली-दुसरीच्या मुलाला ‘काल’ आणि ‘काळ’ यांतील भेद वाचता-लिहिता यावा म्हणून त्या यंत्राचा उपयोग कसा करावा, हे शिक्षकाला सांगण्याची तसदी कोणी घेत नाही. माझा आक्षेप यंत्राला नाही. या मौनाला आहे.

कळफलकाचेच उदाहरण घेऊ. रोमन अक्षरे टंकून देवनागरी उमटवण्याची पद्धत प्रौढांना सोयीची वाटते. मुलाला मात्र ‘घर’ लिहिण्यासाठी आधी ‘जी’ आणि ‘एच’ शोधावे लागतात. अशा अनेक पद्धतींत ‘न’ आणि ‘ण’, ‘ल’ आणि ‘ळ’ हा भेद रोमन लिपीतील मोठ्या अक्षरावर, नाहीतर यंत्राच्या अंदाजावर सोपवलेला असतो. इंदूर-ग्वाल्हेरकडील शाळेत व पुस्तकांत मूल जी प्रमाण हिंदी वाचते, तीत ‘ळ’ नाही. त्या मुलाच्या कानात आणि हातात ‘ळ’ रुजवणे हेच तर तेथील मराठी शिक्षकाचे मुख्य काम! ते यंत्राच्या अंदाजावर सोडायचे काय?

भारतीय मानक संस्थेने १९९१ साली प्रमाणित केलेला इन्स्क्रिप्ट कळफलक आपल्या वर्णमालेवर उभा आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजने मुख्यतः उजव्या हाताला. ‘ळ’साठी येथेही शिफ्टची कळ दाबावी लागते, हे खरे, परंतु मूल जे अक्षर शोधते ते ‘ळ’ असते, रोमन ‘एल’ नव्हे. ‘कि’ लिहिताना वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, पण कळ ‘क’नंतर दाबावी लागते, कारण उच्चाराचा क्रम तोच आहे. ‘ब्रह्म’मध्ये ‘ह’ आधी की ‘म’ आधी, हा नित्याचा घोटाळा ‘ह’, हलन्त, ‘म’ असे एकेक टंकताना उलगडतो. पाटीवर अक्षर वळवणे सुटावे असे मी म्हणत नाही. पाटी वळण शिकवते, कळफलक फोड शिकवतो. मात्र फोडीचा हा धडा कळफलक आपणहून देत नाही. तो शिक्षकालाच द्यावा लागतो. आणि त्यासाठी शिक्षकाला तो कळफलक हातवळणी हवा.

ही दृष्टी आपल्याला परकी नाही. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली बडोदे संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पुढे १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन तज्ज्ञास बोलावून ग्रंथालयांची उभारणी केली. तेव्हा नुसती कपाटे भरली गेली नाहीत. ग्रंथपालांना शिकवण्याचा वर्गही बडोद्यात सुरू झाला. पुस्तक वाचकाच्या हाती देणारा माणूस आधी घडवावा लागतो, हे त्या काळी उमगले होते.

उलट पेरू देशाने खेड्यापाड्यांतील शाळांत मुलांना लॅपटॉप वाटले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भाषा आणि गणित यांच्या चाचण्यांत त्यांचा लाभ आढळला नाही. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे रणजितसिंह डिसले आहेत. त्यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा पाठ्यपुस्तकांतील क्यूआर संकेतांची चर्चा फार झाली. शाळेतील मुलींची घरची भाषा कन्नड, म्हणून गुरुजी स्वतः कन्नड शिकले, ही गोष्ट मात्र मागे पडली. संकेताआड कोणती कविता, कोणती गोष्ट आणि कोणत्या भाषेत ठेवायची, हे यंत्राने ठरवले नव्हते. बेळगावच्या वाचकांना याचे मर्म सांगायला नको.

‘शिक्षकांनाच नवे शिकायला नको असते’, असा एक ठरीव आरोप होतो. एका दुपारचे व्याख्यान, चहापान आणि प्रमाणपत्र, एवढ्यावर कोण काय शिकतो? एरवी शिक्षकाचा यंत्राशी संबंध येतो तो वरिष्ठांनी मागितलेली माहिती भरण्यापुरता. अशा यंत्राविषयी त्याला प्रेम वाटावे तरी कसे?

म्हणून आपल्या संस्थांनी यापुढे देणगी देताना दोन अटी घालाव्यात. पहिली, यंत्रावर जेवढा खर्च तेवढाच शिक्षकाच्या सरावावर व्हावा : एक संपूर्ण सत्र, आठवड्यातून एक तास, स्वतःच्याच वर्गातील खराखुरा पाठ घेऊन, आणि पाहायला सहकारी शिक्षक बसवून. दुसरी, सत्राअखेर मुलांनी स्वतः रचलेली आणि स्वतः टंकलेली मराठी वाक्ये शाळेच्या भिंतीवर लागावीत. ज्या देणगीदाराला या अटी जाचक वाटतील, त्याचा पडदा आपण नम्रपणे परत करावा.